उन्हाला बसायला सोबत हवी

(स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुण्यतिथीनिमित्त नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ २२ जानेवारी १९७२ रोजी गेले. त्यामुळे त्यांचं स्मरण आपण दरवर्षी ऐन हिवाळ्यात करतो. या निमित्ताने त्या मुक्तिसंग्रामावर, मराठवाड्याच्या अनुशेषावर, पाण्यावर आणि शिक्षणावर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. मी डॉक्टर आहे. माझं आयुष्य नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले रुग्ण तपासण्यात गेलं. संयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली तेव्हा मी थंडीच्या दिवसांत मन कसं सांभाळावं हा विषय मागून घेतला. स्वामीजींच्या स्मरणाशी त्याचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. स्वामीजी संन्यासी होते, पण त्यांचा संन्यास माणसांपासून दूर नेणारा नव्हता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईतलं अध्यापन, स्टेट काँग्रेसचा लढा, तुरुंग, आणि नंतर १९५० साली याच नांदेडात उभं राहिलेलं पीपल्स कॉलेज, हे सगळं काम माणसं जोडण्याचं होतं. मला आज जे सांगायचं आहे त्यात तेच मुख्य आहे. हिवाळ्यात मनाला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि सोबत. पहिली आपल्याकडे मुबलक आहे. दुसरी कमी होत चालली आहे, आणि तिच्यावाचून पहिलीही हाताला लागत नाही.

आधी उन्हाबद्दल. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं पहिलं नीट शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. भरपूर उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला गेल्यावर हिवाळ्यात आपण मंदावतो आणि वसंतात पुन्हा ताजे होतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून जाणवलं होतं. त्यांच्या रुग्णांना हिवाळ्यात झोप जास्त यायची, गोड खावंसं वाटायचं, हातपाय जड व्हायचे, कुणाला भेटू नये असं वाटायचं. त्यावरचा उपाय प्रकाशाचाच होता. रोज सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स उजेड देणाऱ्या दिव्यासमोर बसायचं. हा उपचार आजही वापरात आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेत आहेत. डिसेंबरात त्यांचा फोन येतो, "आई, इथं चारलाच अंधार पडतो, घराबाहेर पडावंसं वाटत नाही." ती मुलं लाड करून घेत नाहीत, त्यांचं ऐकून घ्या. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही.

आता आपल्याकडे पाहा. नांदेडात २२ डिसेंबरला सूर्य सातच्या दहाएक मिनिटं आधी उगवतो आणि सहाच्या दहाएक मिनिटं आधी मावळतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस त्याहून जेमतेम सव्वादोन तासांनी मोठा. आकाश बहुतेक दिवशी निरभ्र. सूर्य वर येऊन तास उलटला की अंगणातला उजेड दहा हजार लक्सच्या पुढे जातो. जो उजेड परदेशात यंत्र विकत घेऊन मिळवावा लागतो तो आपल्या ओट्यावर सकाळी साडेआठला फुकट येऊन बसलेला असतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली मोजाल तर दोनशे-तीनशे लक्स भरतील. माणसाचे डोळे दोन्ही ठिकाणी जुळवून घेतात, म्हणून फरक कळत नाही. पण मेंदूतल्या घड्याळाला तो बरोबर कळतो. सकाळी डोळ्यांवर पडलेला उजेड त्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचं सांगतो, आणि रात्री झोप कधी यायची हेही त्यावरूनच ठरतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, पण सूर्योदय लगेच लवकर होत नाही. आपल्या अक्षांशावर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सकाळ उलट थोडी थोडी उशिराच होत जाते. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. म्हणून संक्रांत झाली तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला आळशी ठरवू नका.

मग एवढं ऊन असताना आपल्याकडे हिवाळ्यात माणसं उदास होतात की नाही? होतात. मात्र "डॉक्टर, मी उदास आहे" असं म्हणत कुणी येत नाही. येतात ती दुखणी घेऊन. मुखेडकडच्या एका तांड्यावरची आजी माझ्याकडे वर्षानुवर्षं गुडघ्यांसाठी यायची. तिची दोन्ही मुलं आणि सुना ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, उचल घेतलेली असायचीच, भांडीकुंडी आणि लहान लेकरं चढवून टोळी निघून जायची. तांड्यावर उरायचे म्हातारे, शाळेतली पोरं आणि कुत्री. आजीचे गुडघे नेमके तेव्हापासून धरायचे. "डाक्टरसाब, पोरं कारखान्याला गेली की हाडं दुखायलीत. काही गोड लागंना, करमंना झालंय." पाडव्याच्या सुमारास मुलं परत आली की तीच आजी पाण्याचा हंडा घेऊन उतारावरून येताना दिसायची. एक्स-रे दोन्ही वेळी सारखाच. थंडीत सांधे जास्त दुखतात हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. तिला गोळ्याही देत होतो. पण तिच्या दुखण्याचा मोठा भाग त्या ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याला गेलेला होता. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांत असे किती ओटे हिवाळ्यात रिकामे असतात! ऊन त्या ओट्यांवरही पडतं. आजी मात्र आत, वाकळ पांघरून, अंधारात पडलेली असते. तिला बाहेर बोलावणारंच कुणी नसतं.

म्हणून मी सोबतीचा मुद्दा धरून बसलो आहे. उन्हात बसा, असा सल्ला देणं सोपं आहे. एकटा माणूस उन्हात फार वेळ बसत नाही. दोघं असले की बसतात, चार असले की ऊन डोक्यावर येईपर्यंत उठत नाहीत.

आपल्या भागाच्या हिवाळ्याकडे या दृष्टीने पाहिलं की मला फार आनंद होतो. कार्तिकातली काकड आरती, धुंधुरमासातलं सूर्य उगवतानाचं जेवण, माळेगावच्या खंडोबाची जत्रा, भोगी, संक्रांत आणि शेवटी अंगणात दूध उतू घालायची रथसप्तमी. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट माणसाला सकाळी उठवते, घराबाहेर काढते आणि चार माणसांत नेऊन बसवते. पूर्वजांना मेंदूतलं घड्याळ माहीत होतं असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. शेतीचा कामधंदा, पिकं हाताशी येण्याची वेळ आणि देवधर्म यांतून हे घडत गेलं. पण जे घडलं ते चांगलं घडलं.

यातला सगळ्यात संपन्न दिवस येळवसेचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा. लातूर, धाराशिव आणि आपल्या नांदेडच्या काही तालुक्यांत तो मोठा सण आहे. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, आणि दुपारी लातूरच्या मेन रोडवरून चालत गेलात तर संचारबंदी लागली की काय असं वाटेल. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. बांधालगत कडब्याच्या पेंढ्यांची कोप घातलेली असते. तिच्यावर शाल पांघरलेली, आत चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पांडव. घरची मंडळी डोक्यावर टोपली आणि मडकं घेऊन बांधाबांधाने येतात. मडक्यात आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक यांची आंबवलेली, लसूण-जिऱ्याची आंबील थंडीतही गार पितात आणि पुन्हा मागतात. टोपलीत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि भज्जी. बाहेरच्या मंडळींना भज्जी म्हटलं की तळलेली भजी आठवतात. ही भज्जी वेगळी. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, त्या आठवड्यात शेतात जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, वर बेसन लावून घट्ट केलेलं. ती आदल्या रात्रीपासून रटरटत असते. पूजा झाली की आधी शेतात शितोडे, मग पंगत. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही हाक मारून बसवायचा, ही रीत. जेवण झाल्यावर पोरं लिंबाला झोका बांधतात, मोठी माणसं कोपीच्या सावलीला आडवी होतात. तिन्हीसांजेला कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवायची आणि मग घरी.

डॉक्टर म्हणून मी या दिवसाचा हिशोब मांडला तर त्यात चार-सहा तासांचं ऊन आहे, ढेकळांतून चालणं आहे, डाळी-पालेभाज्या आणि ताक आहे, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांना आग्रह करून वाढणं आहे. उदासीवरचा एवढा पूर्ण उपचार मला कागदावर लिहून देता येणार नाही. हुरड्याचंही तसंच. आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर चोळून पुढच्याच्या तळहातावर द्यायची, म्हणजे एकट्याने खायचा तो पदार्थच नाही. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि त्यामागून हरभरा आला, ज्वारीचा पेरा आटला, आणि हुरडा तिकीट काढून खायच्या ठिकाणी गेला. याची मला खरोखर खंत आहे. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर होता आणि लातूरच्या आडतीत माल त्याहून कमी भावाने गेला. ज्याचं वर्षाचं गणित दिवाळीलाच मोडलं, त्याच्या पौषातल्या उदासीचं कारण सूर्यात शोधायला जाऊ नये. त्याला भाव मिळायला हवा. मनाचा डॉक्टर भावाला पर्याय होऊ शकत नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो.

सोबत तुटली की काय होतं, हे या भागाने एकदा फार मोठ्या किमतीला पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, पावणेचारनंतर किल्लारी परिसराची जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं, ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब दिली, तीच अंगावर आली. त्यानंतरचा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेला. पत्रा रात्री बर्फासारखा गार पडायचा. तरीही लोक छताखाली झोपायला धजत नव्हते, उघड्यावर कुडकुडत पडायचे. पुढे गावं नव्या जागी वसली. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, रस्ते रुंद झाले, आखीव ओळी आल्या. सरकारने आणि संस्थांनी केलेलं ते काम मोठं होतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका घरातली कढई दुसऱ्या घरात वाजायची. नव्या गावात घर आणि घर यांच्यात अंतर आलं. गल्ली गेली, बोळ गेला, म्हाताऱ्या बायका शेंगा फोडत बसायच्या ती वाड्याच्या दारातली जागा गेली. त्या गावांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, घर पक्कं आहे पण करमत नाही, असं सांगणारे आजही भेटतील. घर बांधताना ओटा आणि गाव वसवताना पार यांची जागा सोडणं ही आरोग्याची बाब आहे. आज नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत, फ्लॅटच्या इमारतींत ओटा नाही, गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सचिवांकडे आहे. मी सचिवांना विनंती करतो की निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी आठ ते अकरा गच्ची उघडी ठेवा.

आता लातूरच्या क्लासमधल्या मुलांकडे येतो, आणि क्लासेसच्या श्यामनगर-बाबानगरचं सांगायचं तर नांदेडच्याही. परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नने या भागातल्या शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कंडक्टरांची मुलं डॉक्टर केली, याचा मला अभिमान आहे. पण हिवाळ्यातला त्यांचा दिवस एकदा जवळून पाहा. पहाटेची बॅच अंधारात. तिथून अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे प्लायवुडचे कप्पे, प्रत्येकाला एक खुर्ची, डोक्यावर ट्यूब, खिडकीला फ्लेक्स चिकटवलेला, कारण उजेडाने लक्ष विचलित होतं म्हणे. बाहेर येतात तेव्हा पुन्हा अंधार. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ लेक्चर. मार्गशीर्ष-पौषातले कित्येक आठवडे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या अंगावर ऊन पडत नाही. मग डोकं जड, पाठ केलेलं आठवत नाही, चाचणीत गुण घसरतात, घरी फोन करावासा वाटत नाही. आईवडिलांना वाटतं पोरगं अभ्यासात गढलं आहे.

आणि येळवसेला काय होतं? ज्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं, अनेक मेसही बंद असतात, त्या दिवशी परगावची ही मुलं खोलीवर बिस्किटांचा पुडा फोडून बसलेली असतात. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला पंगतीला बसवणाऱ्या सणात शेजारच्या खोलीतलं लेकरू उपाशी राहावं, हे आपल्याला शोभत नाही. लातूरकरांनी पुढच्या येळवसेला आपल्या गल्लीतल्या दोन-चार मुलांना शेतावर न्यावं. क्लासचालकांनी त्या दिवशी चाचणी ठेवू नये, आणि रोज सकाळी आठ ते दहाच्या मध्ये मुलांना अर्धा तास गच्चीवर सोडावं. त्या अर्ध्या तासाने गुण कमी होणार नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींच्या घरी जातात, तिळगूळ देतात, वाण लुटतात, बसतात, बोलतात. हिवाळ्यातल्या सोबतीची बायकांच्या वाट्याला आलेली ही सगळ्यात मोठी सोय. पण जिचा नवरा गेला तिला बोलावणं नाही. मराठवाड्यात कर्जापायी नवरा गमावलेल्या तरुण बायका गावोगाव आहेत. त्यांच्यावर शेत आहे, कर्ज आहे, लेकरं आहेत, आणि जानेवारीच्या या पंधरा-वीस दिवसांत शेजारच्या घरातलं हसणं ऐकत त्या दार लावून बसतात. माझ्याकडे त्यांतल्या कितीतरी जणी "छातीत धडधड होते" म्हणून आल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या किती गावांनी तसा ठराव केला, आणि केलेल्यांपैकी किती घरांत प्रत्यक्षात बोलावणं गेलं, हे आपापल्या मनाशी तपासा. रथसप्तमी अजून व्हायची आहे. या वर्षीही उशीर झालेला नाही.

थोडं औषधपाण्याचं. सकाळचं कोवळं ऊन मनाला आणि झोपेला फार चांगलं, पण त्यातून ड जीवनसत्त्व पुरेसं मिळतं हा समज चुकीचा आहे. त्यासाठी लागणारे किरण हिवाळ्यात सूर्य वर चढल्यावर, दहा-अकरानंतर, नीट पोचतात. तेव्हा सकाळी चेहऱ्यावर उजेड घ्या आणि दुपारच्या आत हातापायांवर थोडं ऊन घ्या. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की उदासी जाते असंही समजू नका. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या अठरा हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षं चाललेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्यांनी नैराश्य टळलं नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी गोळ्या घ्याव्यात, डॉक्टरांना विचारून.

ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी कडाक्याच्या थंडीत पहाटे पाचला फिरायला निघू नये. ऊन पडल्यावर निघावं, कानटोपी घालून. बालाघाटावर, उदगीर-अहमदपूरकडे, पहाटेचा गारठा नांदेडपेक्षा जास्त बोचतो. आणि शेगडी किंवा कोळशाची पाटी बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. थंडी मारायला म्हणून घेतलेली दारू अंगाची ऊब उलट बाहेर घालवते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते.

आता जे उन्हाने आणि पंगतीने बरं होणार नाही त्याबद्दल. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज मन खिन्न असेल, कशातच राम वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, अन्न नको वाटत असेल, आपण घराला ओझं झालो असं वाटत असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे. मनाचा कमकुवतपणा नाही, भुताटकी नाही, आणि "मन घट्ट कर" म्हटल्याने तो जात नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभाग आहेत. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हेही एकदा तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमी-जास्तीनेही माणूस गळून जातो. राज्य शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. त्या आल्या तर "आमच्याकडं सगळं बरं हाय" म्हणून दारातून परत पाठवू नका. आणि टेलिमानसचा क्रमांक लिहून घ्या, १४४१६. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

उपचार म्हणजे गोळ्याच असं नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. तो २०१७ च्या लॅन्सेटमध्ये आला आहे. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायचं. काय बोलायचं? तर मन लागेल तेव्हा काम करीन अशी वाट पाहू नका. आधी लहानसं काम करा, माणसांत जा, पूर्वी जे आवडायचं त्यातलं थोडं पुन्हा सुरू करा. मन मागून येतं. नेहमीच्या उपचारांपेक्षा या भेटींचा फायदा जास्त झाला. आपल्या गावातला निवृत्त शिक्षक, बचत गटाची ताई, भजनी मंडळातले अण्णा, यांना असं प्रशिक्षण देता येईल. स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ नांदेडात आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. तिथल्या समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हिवाळ्याचे चार महिने एकेक तांडा वाटून घ्यावा, अशी माझी विद्यापीठाकडे जाहीर मागणी आहे. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, म्हणून तयारी दसऱ्यालाच व्हायला हवी.

शेवटी तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सकाळी नऊच्या सुमारास आपल्या गल्लीतल्या, शेजारच्या, नात्यातल्या एका एकट्या माणसाच्या दारात जा. आरोग्यावर व्याख्यान देऊ नका, चौकशांचा भडिमार करू नका. "मावशी, बाहेर या की, ऊन चांगलं पडलंय," एवढं म्हणा आणि त्यांच्या ओट्यावर बसा. त्यांनी नको म्हटलं तर परवा पुन्हा जा.